प्रायमर बदलल्याने रायफलची अचूकता खरंच वाढते का?

कोरडासराव

नमस्कार मंडळी. काडतुसं घरीच भरते. रायफल .३०८ विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शन. १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) मॅच गोळी, व्हार्गेट पावडर, पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) लापुआच्या. पावडरचा भार किती आणि गोळी किती खोल बसवायची, हे दोन्ही जमल्यासारखं वाटतंय. राहिला प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी. आजवर सीसीआय २०० वापरत आले, कारण तेच हाताशी होते. आता फेडरल २१०एम आणि सीसीआय बीआर-२ चे डबेही मिळालेत. बाकी काही न बदलता तिन्हींच्या पाच-पाच फैरी वेग मोजणाऱ्या रडारसमोर झाडल्या. वेगाचा एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे वेग किती विखुरतो त्याचं माप, फूट प्रति सेकंदात) बीआर-२ चा सगळ्यात कमी, बाकी दोघांच्या जवळजवळ निम्मा. पण १०० यार्डांवर सगळ्यात घट्ट ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) २१०एम चा.

आता कुणाचं ऐकू, रडारचं की कागदाचं? आणि डब्यावर 'मॅच' किंवा 'बेंचरेस्ट' छापलं म्हणून आत खरंच काही वेगळं असतं का?

नेमबाजकाका

ताई, उत्तर देण्याआधी एक उलट प्रश्न. प्रायमर बदलला तेव्हा भार थोडा उतरवून पुन्हा वर आलात, की होता त्याच भाराने झाडलंत? भार कमाल मर्यादेजवळचा असेल तर नुसता प्रायमर बदलला तरी दाब वर सरकू शकतो. मॅन्युअलमध्ये प्रत्येक भाराच्या तक्त्यावर प्रायमरचं नाव छापलेलं असतं ते शोभेसाठी नाही. घटक एक जरी बदलला तरी खालून सुरुवात.

आता 'मॅच'चं. प्रायमरच्या वाटीत एक स्फोटक चकती असते. बहुतेक कंपन्यांत ती लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड आणि थोडं टेट्राझीन यांची. तिच्यावर ऐरण, म्हणजे पाय असलेला धातूचा छोटा तुकडा. फायरिंग पिनने वाटीला खड्डा पाडला की वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चकती चिरडते, ज्वाळा आणि तापलेले कण फ्लॅश होलमधून (पुंगळीच्या बुडातल्या भोकातून) पावडरपर्यंत जातात. साध्या आणि मॅच प्रायमरमध्ये कृती बहुधा तीच असते. फरक काटेकोरपणाचा: चकतीचं वजन आणि ऐरणीची बैठक यांत एका प्रायमरपासून दुसऱ्यापर्यंत तफावत कमी ठेवायची. म्हणजे 'मॅच' हा ताकदीचा शिक्का नाही, एकसारखेपणाचा आहे. उलट 'मॅग्नम' हा ताकदीचा शिक्का आहे. या दोहोंची गल्लत फार जण करतात.

आकडेमोड

काकांशी सहमत, पण मूळ प्रश्नाला हात घालतो. ताई, रडारचंही ऐकू नका आणि कागदाचंही. पाच फैरींत दोघंही काही सांगत नाहीत.

पाच फैरींवरून काढलेला एसडी १० आला, तर खरा एसडी ६ ते २९ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, ९५ टक्के खात्रीने. दहा फैरी झाडल्या तर ७ ते १८. तीस झाडल्या तर ८ ते १३. म्हणजे पाचांवर मिळालेला आकडा 'चांगला' की 'वाईट' एवढंही ठरवायला अपुरा आहे.

दुसरी गंमत. एकाच डब्यातले दहा प्रायमर घ्या, पाच-पाचचे दोन गट करा, दोन्हींचा एसडी काढा. काहीही बदललेलं नसताना साधारण पाचपैकी एका वेळी एका गटाचा एसडी दुसऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त निघेल. तुमच्याकडे तर तीन गट होते, त्यामुळे सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट यांत दुपटीचा फरक दिसण्याची शक्यता आणखी वाढते. बीआर-२ खरोखर सरस असेलही. पण तुमच्या चाचणीतून ते सिद्ध होत नाही.

पितळखोर

म्हणजे आम्ही इतकी वर्षं पाच-पाचचे ग्रुप झाडून जे ठरवलं ते सगळं पाण्यात? 😀 नळीचं आयुष्य चाचण्यांतच संपवायचं का मग? मला तर ग्रुप बघूनच कळतं प्रायमर कुठला आवडतोय ते. प्रत्येक रायफलची आवड असते.

आकडेमोड

पितळखोर, आवड असतेच. पण ती ओळखायला लागणारी काडतुसं तुमच्या अंदाजापेक्षा फार जास्त आहेत. एकाचा एसडी १० आणि दुसऱ्याचा ८ दिसला, तर हा फरक नशिबाचा नाही म्हणायला प्रत्येकी ८० च्या आसपास फैरी झाडाव्या लागतात. कुणीच झाडत नाही. म्हणून माझं म्हणणं उलट आहे: एवढा छोटा फरक शोधायच्या भानगडीतच पडू नका. मोठे दोष शोधा. एसडी २५ चा १० होत असेल तर तो वीस-वीस फैरींतही लपत नाही.

हजारयार्ड

आकडेमोड यांना अनुमोदन, आणि त्याला अंतराची जोड देतो.

१०० यार्डांवर प्रायमरचा परिणाम शोधणं म्हणजे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोहरीचा एक दाणा तोलणं. ताईंचीच गोळी धरा, २६०० फूट प्रति सेकंद. एसडी १० असेल तर वीस फैरींत सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात संथ गोळीत सरासरी ३७ फुटांचा फरक पडतो. १०० यार्डांवर त्याने उंचीत होणारा फरक दोन मिलिमीटर. गोळीच्या भोकापेक्षाही कितीतरी कमी! तोच फरक १००० यार्डांवर बारा इंचांच्या वर जातो. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेच्या हजार यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १० इंच व्यासाचं असतं, एक्सचं ५ इंचांचं. म्हणजे नेम, वारा, सगळं बिनचूक असलं तरी दहाच्या बाहेर गोळ्या जाणार.

म्हणून प्रायमर जोखायचा तर उभा पसारा बघा, आणि तो लांबवर बघा. आडवा पसारा वाऱ्याचा आणि तुमचा. १०० वर २१०एम चा ग्रुप घट्ट आला त्यात प्रायमरचा वाटा असेलच असं मी तरी म्हणणार नाही. आणि तुम्ही २००-३०० यार्डांपलीकडे कधी जाणारच नसाल, तर सीसीआय २०० चा एकच मोठा लॉट (एकाच वेळी बनलेला माल) घेऊन ठेवा आणि हा विषय सोडून द्या.

कोरडासराव

६०० वर नियमित झाडते, १००० वर जायची इच्छा आहे. लॉटचं इतकं महत्त्व आहे?

हजारयार्ड

आहे. एकाच नावाच्या दोन लॉटांतला फरक कधीकधी दोन ब्रँडांमधल्या फरकाएवढा असतो. मी आधी ठरवतो की या नळीच्या आयुष्यात किती फैरी जातील, तेवढे प्रायमर एका लॉटचे मिळतात का ते बघतो आणि मग चाचणी करतो. जे पुन्हा मिळणार नाही त्याची चाचणी करून उपयोग काय?

थंडनळी

सगळे वेगाच्या पसाऱ्यावर बोलताहेत, मी पेट घेण्यावर बोलतो. शिकारीसाठी हाडं गोठवणाऱ्या थंडीत रायफल वापरतो, आणि तिथे प्रायमरची निवड अचूकतेआधी काडतूस पेटण्यासाठी करावी लागते.

व्हार्गेट, आयएमआर ४०६४, एच४३५० या काडीसारख्या दाण्यांच्या पावडरी सहज पेट घेतात. गोल दाण्यांच्या पावडरी, म्हणजे विंचेस्टर ७४८, एच३८०, बीएल-सी२ वगैरे, यांच्या दाण्यावर जळण्याचा वेग रोखणारा लेप जास्त असतो. त्यांना पेटवायला जास्त उष्णता लागते. त्यात पुंगळी मोठी, भार ६०-७० ग्रेनांचा आणि बाहेर उणे तापमान, असं सगळं एकत्र आलं की साधा प्रायमर तोकडा पडतो. वेग विखुरतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हँगफायर: चाप ओढला, क्लिक ऐकू आला, आणि क्षणभराने धडाम. तिथे फेडरल २१५ किंवा सीसीआय २५० असा मॅग्नम प्रायमर लागतो. २१५ मुळात वेदरबीच्या .३७८ या मोठ्या काडतुसासाठी, एवढी पावडर पेटवायलाच तयार झाला होता.

पितळखोर

मॅग्नम प्रायमर लावला की ग्रुप उघडतो हे मात्र मी छातीठोकपणे सांगतो. जास्त आग म्हणजे जास्त गडबड.

थंडनळी

सरसकट असं नाही हो. बेंचरेस्टवाल्यांच्यात (टेबलावर रायफल टेकवून नेमबाजी करणाऱ्यांच्यात) 'पेटवण्यापुरती आग, त्याहून जास्त नको' असं मानतात आणि छोट्या पुंगळीत काडीच्या पावडरला ते बरोबरच आहे. पण गोल दाण्याच्या पावडरला मॅग्नम लावल्यावर एसडी खाली येतानाही दिसतो. ज्या पावडरला जेवढी आग हवी तेवढी द्यायची. भार मात्र पुन्हा खालून बांधायचा, काकांनी म्हटलं तसं.

ताईंच्या व्हार्गेटला आणि .३०८ ला मॅग्नमची गरज नाही, हे मान्य.

डावाखांदा

माझी एआर-१५ आहे, .२२३. छोटा प्रायमर लागतो. मला अचूकता हवी, पण 'स्लॅमफायर'बद्दल (चाप न ओढताच गोळी सुटणं) वाचून धास्ती बसलीय. सीसीआय ४०० वापरू की ४५०?

नेमबाजकाका

४५० किंवा सीसीआयचाच ४१. कारण ताकद नव्हे, वाटीची जाडी.

छोट्या रायफल प्रायमरमध्ये वाटीचा पत्रा एकसारखा नसतो. सीसीआय ४०० आणि रेमिंग्टन ६½ यांचा सुमारे २० थाऊ, म्हणजे इंचाचे २० हजारांश. फेडरल २०५ चा साडेबावीस. सीसीआय ४५०, बीआर-४, ४१ आणि रेमिंग्टन ७½ यांचा २५. ६½ हा .२२ हॉर्नेटसारख्या कमी दाबाच्या काडतुसांसाठी आहे. .२२३ च्या ५५,००० पीएसआय दाबाला पातळ वाटी पिनभोवती फुटू शकते, गरम वायू बोल्टच्या तोंडावर येतो आणि तिथे बारीक खड्डे पाडतो.

स्लॅमफायरचं कारण वेगळं. एआर, गॅरंड, एम१ए या अर्धस्वयंचलित रायफलींची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट पुढे आदळला की ती स्वतःच्या वेगाने प्रायमरला टेकते. काडतूस बाहेर काढून बघितलं तर बारीक ठिपका दिसेल. प्रायमर फार संवेदनशील असेल किंवा पुंगळीच्या बुडाबाहेर डोकावत असेल तर तोच ठिपका महागात पडतो. सीसीआयचे ३४ आणि ४१ हे सैनिकी प्रायमर यासाठीच कमी संवेदनशील केलेले असतात. ३४ मोठा, ४१ छोटा.

आणि छोटा पिस्तुल प्रायमर छोट्या रायफल प्रायमरच्या जागी बरोबर बसतो म्हणून वापरू नका, त्याची वाटी आणखी पातळ. मोठ्यांच्यात निदान उंचीत फरक आहे, रायफलचा सुमारे ८ थाऊंनी उंच, चूक लगेच जाणवते.

लेथवाला

धागा वाचतोय पहिल्यापासून. ब्रँड, लॉट, पावडर सगळं झालं. प्रायमर बसवायचा कसा यावर कुणी बोलेचना! माझ्या मते २१०एम की बीआर-२ यापेक्षा ही बाब दसपट मोठी आहे.

प्रायमर विकत घेता तेव्हा ऐरणीचे पाय वाटीच्या कडेबाहेर किंचित आलेले असतात. प्रायमर पुंगळीच्या बुडातल्या खळग्यात दाबला की आधी पाय तळाला टेकतात, मग आणखी थोडं दाबल्यावर ऐरण आत सरकते आणि चकतीवर हलका ताण येतो. एवढं झालं की प्रायमर 'तयार'. पाय तळाला टेकलेच नसतील तर पिनचा अर्धा जोर प्रायमर पुढे ढकलण्यातच जातो. फुसक्या फैरींपैकी बऱ्याच अशा अर्धवट बसलेल्या प्रायमरच्या असतात आणि शिव्या कंपनीला बसतात. फुसकी नाही झाली तरी प्रत्येक प्रायमर वेगळ्या जोराने पेटणार, आणि मग तुम्ही ब्रँड बदलत बसणार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बसलेला प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा ३ ते ५ थाऊ आत हवा. बोटाने कळत नाही, डेप्थ गेजने मोजा. पण बुडापासूनची खोली म्हणजे सर्वस्व नव्हे, कारण खळग्याची खोलीच पुंगळीगणिक वेगळी असते. म्हणून खळग्याचा तळ युनिफॉर्मर नावाच्या हत्याराने एकदा सारखा करून घ्यायचा, काजळी दर वेळी काढायची, आणि मग हाताला जाणवेल अशा हत्याराने बसवायचं. प्रेसच्या मोठ्या दांड्याला जोर इतका असतो की पाय टेकले कधी आणि चकती चिरडायला लागली कधी हे कळतच नाही. फार दाबलं तर चकतीला तडा जातो, तेही वाईट. सैनिकी पितळ (लष्करी पुंगळ्या) असेल तर प्रायमरभोवतीचा क्रिंप (आत दाबलेली कड) आधी काढा.

आता रायफलची बाजू. पिनची स्प्रिंग थकली असेल, बोल्टच्या पोटात ग्रीस भरलं असेल, पिन घासत जात असेल, तर जगातला कुठलाही प्रायमर एकसारखा पेटणार नाही. थंडीत ते ग्रीस घट्ट होतं आणि पिनचा वेग खातं. झाडलेले प्रायमर रांगेत मांडून बघा. खड्डे सारख्या खोलीचे आहेत का? मध्यभागी आहेत का? ताईंनी प्रायमरचे तीन डबे जमवलेत, त्याआधी एक नवी स्प्रिंग बसवून बघायला हरकत नव्हती.

हजारयार्ड

लेथवाला, बैजवार लिहिलंत. माझ्या रायफलचा एसडी एका मोसमात हळूहळू चढत गेला होता. लॉट तोच, पावडर तीच. स्प्रिंग बदलल्यावर जागेवर आला.

पितळखोर

मी चपटा झालेला प्रायमर बघून दाब ओळखतो. २१०एम लवकर चपटा होतो, म्हणजे त्याचा दाब जास्त. सीसीआयची कड गोल राहते.

नेमबाजकाका

नाही, हे धोक्याचं वाचन आहे. फेडरलची वाटी मऊ म्हणून ती आधी चपटी दिसते. कडक वाटीचा प्रायमर त्याच दाबाला गोल दिसतो आणि तुम्ही निर्धास्त होऊन भार वाढवता! पिनभोवती उठलेली कडाही तशीच. बोल्टमधलं पिनचं भोक सैल असलं तर साध्या दाबालाही ती उठते. दाबाचा अंदाज घ्यायचा तर मॅन्युअलमधला वेग आणि तुमच्या रडारवरचा वेग शेजारी ठेवा. त्याच भाराला अपेक्षेपेक्षा वेग जास्त येत असेल तर दाबही जास्त आहे, प्रायमर कितीही गोंडस दिसो. आणि बोल्ट उचलायला जड जाऊ लागला तर तिथेच थांबा.

डावाखांदा

धन्यवाद काका, ४५० घेतो. एक बारकी शंका: ट्रे उघडे पडून राहतात, सगळे एका काचेच्या बरणीत ओतून ठेवले तर?

लेथवाला

अजिबात नको!! एक पेटला तर सगळे एकदम पेटतात आणि काचेच्या ठिकऱ्या वेगळ्या. कंपनीच्या ट्रेमध्ये प्रत्येक प्रायमरला स्वतंत्र घर असतं ते त्याचसाठी. मूळ डब्यातच, कोरड्या जागी, पावडरपासून लांब. काम करताना डोळ्यांवर चष्मा, संपल्यावर साबणाने हात. त्या मिश्रणात शिसं असतं आणि पुंगळ्या घासल्यावर उडणाऱ्या धुळीतही ते उतरतं. आणि तेल टाकलं की प्रायमर मेला या भरवशावर राहू नका, वाळल्यावर ते पुन्हा पेटलेले आहेत.

नेमबाजकाका

थोडं अवांतर. आपण सगळे ज्याला प्रायमर म्हणतोय तो बॉक्सर पद्धतीचा, ऐरण प्रायमरमध्येच असलेला. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीच्या तळाचाच भाग असते आणि फ्लॅश होल बहुधा दोन. बॉक्सर ब्रिटिश अधिकारी, बर्डन अमेरिकन, दोघांची पेटंटं १८६६ च्या सुमाराची. पुढे अमेरिकेने ब्रिटिशाची पद्धत उचलली आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी अमेरिकनाची चालली. हँडलोडिंग (घरी काडतुसं भरणं) करणाऱ्यांचं नशीब की बॉक्सरचं होल मधोमध एकच, म्हणून पिनने प्रायमर सहज बाहेर येतो.

कोरडासराव

खूप काही मिळालं, मनापासून आभार. ठरवलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. आधी पिनची स्प्रिंग नवी आणि बोल्ट आतून कोरडा. मग सगळ्या पुंगळ्यांचे खळगे सारखे. मग सीसीआय २०० आणि बीआर-२ दोनच, प्रत्येकी तीस, ६०० यार्डांवर, उभा पसारा आणि एसडी दोन्ही नोंदवायचे. २१०एम वगळते, कारण त्या लॉटचे आणखी मिळणार नाहीत.

शिवाय पुढच्या नळीसाठी लापुआच्या पामा पुंगळ्या घ्याव्यात का? .३०८ च याच, पण छोट्या प्रायमरच्या.

आकडेमोड

एकच सुधारणा. आधी तीस २०० च्या आणि मग तीस बीआर-२ च्या अशा झाडू नका. नळी तापते, काजळी साचते, वारा आणि तापमान बदलतं, आणि हे सगळं दुसऱ्या प्रायमरच्या खात्यावर जमा होतं. आलटून-पालटून झाडा, एक याची, एक त्याची. शक्य असेल तर कुठलं काडतूस कुठलं हे दुसऱ्या कुणाला तरी माहीत असू दे, तुम्हाला नको.

हजारयार्ड

पामाबद्दल: १००० वर जायचं असेल तर विचार करण्यासारखं आहे. छोट्या प्रायमरमुळे बुडात पितळ जास्त राहतं, खळगा लवकर सैल होत नाही. काडीच्या पावडरबरोबर वेगही छान जुळतो. व्हार्गेटला काही अडचण येऊ नये. पण तीच पुंगळी गोल दाण्याच्या पावडरने भरून थंडनळींसोबत शिकारीला नेऊ नका.

थंडनळी

नेऊच नका. 😀

लेथवाला

पामा पुंगळ्या आल्या की सायझिंग डायमधली (पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातली) डीकॅपिंग पिन, म्हणजे जुना प्रायमर बाहेर ढकलणारी पिन, आधी बघा. नेहमीच्या .३०८ चं फ्लॅश होल सुमारे २ मिलिमीटरचं, पामाचं १.५. जाड पिन तशीच रेटली तर पिन वाकते किंवा होलमध्ये अडकून पुंगळी डायमधून ओढताना तुटते. बारीक पिन वेगळी मिळते, ती बसवून त्या डायवर खूण करून ठेवा. आणि दोन्ही प्रकारच्या पुंगळ्या घासायला एकत्र टाकू नका, बाजूने बघितल्या तर अगदी एकसारख्या दिसतात.